लग्नपत्रिकेच्या पाठीवरचा नकाशा

मोर्चा निघणार असं कळलं की आमचे नायब तहसीलदार सगळ्यात आधी पायातले बूट काढायचे. बूट टेबलाखाली, मोजे बुटात, आणि पायात निळ्या पट्ट्यांची रबरी स्लिपर. मी त्या कार्यालयात कारकून म्हणून नवीनच लागले होते. पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मनात म्हटलं, हा माणूस सरकारी कामाला निघालाय की नदीवर आंघोळीला? शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "साहेबाले तसंच लागते जी." यापलीकडे त्यालाही माहिती नव्हती आणि साहेबांना विचारायची माझी छाती नव्हती.

मोर्चात नायब तहसीलदाराचं काय काम, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. लाठ्या पोलिसांच्या हातात असतात, पण रीत अशी की जागेवर महसूल खात्याचा एक अधिकारी दंडाधिकारी म्हणून उभा राहतो. 'हा जमाव बेकायदेशीर झाला आहे, पांगा' हा इशारा तो वाचतो, आणि लाठी चालवायची वेळ आली तर त्या कागदावर त्याची सही घेतात. बहुतेक अधिकारी जीपमध्ये बसून ही सही करतात. एक महाभाग तर सकाळीच कोऱ्या कागदावर करून ठेवायचे, म्हणजे दुपारचं जेवण चुकायला नको. आमचे साहेब मात्र आदल्या दिवशीच जागेवर जायचे आणि टिपणं घ्यायला मला बरोबर न्यायचे. मला ते 'बाई' म्हणत. रागावले की 'मॅडम' म्हणत. पहिल्या वर्षी मी बरेच दिवस मॅडमच होते.

जागेवर गेलं की ते मोर्चा कुठून येणार हे विचारायचेच नाहीत. जाणार कुठून, हे पाहायचे. नाला किती खोल, पुलाला कठडा आहे का, कुणी काटेरी तार ओढली आहे का, शेतात चिखल किती. त्यासाठीच ती स्लिपर. बुटानं माणूस धुऱ्यावरून चालत नाही, आणि आमच्याकडे गाव संपलं की बांध्या सुरू. बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला हातभर रुंदीचा बांध. त्या धुऱ्यावरून साहेब पुढे आणि मी साडीचा काठ सावरत मागे.

"इथून शंभर मानूस एका टायमाले पळालं तं कुठी जाईल, बाई?"

"बसस्टँडकडे जातील, साहेब."

"पाहून सांग. मनानं नोको सांगू."

मग मी बसस्टँडकडे चालत जायची, आणि वाटेत हमखास कुणाचं तरी कुंपण निघायचं.

हे सगळं ते लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर काढून ठेवायचे. नायब तहसीलदाराला तालुक्यातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका येते. साहेब एकाही लग्नाला जायचे नाहीत, पत्रिका मात्र एकूण एक जपायचे. "जाड कागद, एका बाजूनं कोरा. सरकार देते का असा?" येण्याचा बाण निळा, जाण्याचा लाल. त्यांच्या कपाटात तालुक्यातल्या प्रत्येक चौकाचा नकाशा होता आणि प्रत्येक नकाशाच्या पोटात कुणीतरी चिरंजीव कुण्या सौभाग्यकांक्षिणीबरोबर विवाहबद्ध होत होते.

मोर्चाच्या परवानगीच्या अर्जातही त्यांनी स्वतःचा एक प्रश्न घुसवला होता. छापील नमुन्यात तो नव्हता, तोंडी विचारायचे. 'संपल्यावर कुठून जाणार?' लोक बावचळायचे. एकदा गोंदियाहून एक पुढारी आले होते, पांढरा शर्ट, दोन मोबाइल. ते हसून म्हणाले, "साहब, पहले आने तो दो, जाने का बाद में देखेंगे."

"नहीं भाऊ. पहले जाने का बताओ, फिर आने का देखेंगे," साहेब म्हणाले. पुढाऱ्यांना बसवून लाल बाण काढायला लावला तेव्हा कुठे परवानगी दिली. ते खाली उतरताना पुटपुटत होते, "अजीब आदमी है यार."

अजीब होतेच. आणि सगळंच काही वाखाणण्यासारखं नव्हतं, हेही सांगून टाकते. कॉम्प्युटरला ते हात लावत नसत. जिल्ह्याच्या व्हिडिओ बैठकीत कॅमेऱ्यासमोर बसून डोळे उघडे ठेवून झोपायची कला त्यांना साधली होती. उत्पन्नाचे दाखले त्यांच्या टेबलावर आठ-आठ दिवस निजायचे. अखेर एकदा त्यांच्याविरुद्धच मोर्चा निघाला. पोरं परवानगीचा अर्ज घेऊन त्यांच्याकडेच आली, कारण परवानगी देणारे तेच. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. "अकरा वाजता कायले येता? तहसीलदार साहेब बाराले येते. बाराले या. आनि कडुनिंबाखाली बसा, तिथी दोन वाजेपर्यंत सावली राहते." पोरांनी बारा वाजता येऊन कडुनिंबाखाली बसून त्यांचा मुर्दाबाद केला. साहेबांनी खिडकीतून ऐकलं, पिशवीत नेहमी असायचे ते मुरमुरे एका परातीत ओतले आणि शिपायाच्या हाती खाली पाठवले. दाखले संध्याकाळपर्यंत निघाले. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला राग नाही आला?"

"लोक रस्त्यावर येतात म्हणजे अजून आपल्याले हाक मारून राहिले, बाई. हाक माराचं बंद करतील त्या दिवशी भेव धर."

इशाऱ्याचंही तसंच. छापील इशारा असा सुरू होतो की, 'सदर जमावास या द्वारे सूचित करण्यात येते...' साहेब म्हणायचे की हे वाक्य संपेपर्यंत दगड येतो. त्यांनी आपला वेगळा केला होता. कार्यालयाच्या मागच्या खिडकीत उभे राहून, हातात भोंगा धरून, समोरच्या सायकल स्टँडला ते तो वाचून दाखवायचे: "आता बस झालं जी. पाच मिंटात उठा. या बाजूनं रस्ता हाय, तिकून जा. कोनी आंगाले हात नाई लावन." तीनदा वाचायचे, तिन्ही वेळा हातानं रस्ता दाखवून. सायकलींना रस्ता दाखवणारा हा अधिकारी पाहून अर्जनवीस पोट धरून हसायचे. मीही हसले आहे.

त्यांची खरी ओळख मला पटली ती रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत.

केशोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात शाळेला वरच्या तीन वर्गांना शिक्षकच नव्हते. दोन वर्षं अर्ज झाले, निवेदनं झाली. शेवटी बायका उठल्या. भर रोवणीत रस्त्यावर येऊन बसायचं म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचं, पण सव्वाशे-दीडशे बाया सकाळी आठलाच डांबरी रस्त्यावर येऊन बसल्या. त्यांनी परवानगी मागितली नव्हती, कारण आदल्या रात्रीच त्यांचं ठरलं होतं. त्यामुळे साहेबांना जागा आधी पाहता आली नव्हती आणि कपाटात त्या वळणाचा नकाशाही नव्हता. वर योगायोग असा की त्याच रस्त्यानं बाराच्या सुमारास एका मोठ्या पाहुण्यांचा ताफा जायचा होता. जिल्ह्यात जमावबंदी लागू होतीच.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याच्या एका तोंडाला ताफ्यासाठी आडवे खांब लावून पोलीस उभे होते. दुसऱ्या तोंडाला बाहेरून आलेली पोलिसांची तुकडी लाठ्या घेऊन उभी होती. मधे बाया. रस्ता उंचावर, दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या, आणि त्यांत नुकतीच रोवलेली हिरवी रोपं. तुकडीचे निरीक्षक पश्चिम महाराष्ट्राकडचे, तरणे, घामानं भिजलेले. आमची जीप थांबताच त्यांनी कागद पुढे केला.

"साहेब, सही करा. तीनदा सांगितलं. एक बाई जागची हलत नाही. यांना मार खायचाच आहे."

"हलून जातील कुठं?" साहेबांनी विचारलं.

"अहो, दोन्ही बाजूला एवढं मोकळं रान पडलंय! उतरायचं शेतात आणि चालू लागायचं."

साहेबांनी कागद घेतला नाही. ते सरळ बायांच्या घोळक्यात गेले आणि पुढे बसलेल्या एका वयस्क बाईसमोर उकिडवे बसले. तिच्या पोटऱ्यांवर चिखल वाळलेला होता.

"मावशी, उठून काऊन नाई राहिल्या? ते पोरगं मारन ना आता."

"उठून जाव कुठी जी? तिकून पोलीस, इकून पोलीस."

"ते साहेब म्हनते, बांधीत उतरा."

मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू या माणसाला भ्रम झाला असावा. "बांधीत? कालच रोवलं आमीनं ते. आमच्याच हातानं. त्याच्यावर पाय ठेवाव का? मारते तं मारू दे. रोवना कोनी तुडवते का जी?"

तिच्या मागे बसलेल्या सगळ्या बायांनी माना हलवल्या. मी तिथे उभी होते आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. ज्याला तो निरीक्षक हट्ट समजत होता तो हट्ट नव्हताच. त्या बाया उठायला तयार होत्या. पण लाठी पडली असती तरी त्यांतली एकही त्या हिरव्या पाण्यात उतरली नसती, आणि दीडशे बाया रस्त्यावर एकमेकींच्या अंगावर पडून चेंगरल्या असत्या.

साहेब परत आले. "सही होनार नाही," ते शांतपणे म्हणाले. "रस्ता नाही."

"रोपं तुडवायला नकोत म्हणून डोकी फोडून घेणार?" निरीक्षकांचा विश्वास बसेना.

"हो. इथं असंच हाय."

"साहेब, वरून फोनवर फोन येतायत. तुमची सही नसली तरी मी माझ्या अधिकारात आदेश देऊ शकतो."

"देऊ शकता. कायद्यानं देऊ शकता. मंग मी इथंच उभा राहून लिहितो की जमावाले जायला वाट नव्हती आनि हे पोलीस अधिकाऱ्याले सांगितलं होतं. बाई, वेळ लिही." मी वेळ लिहिली.

तोवर साहेबांनी स्लिपर काढून हातात घेतली होती आणि ते रस्त्याच्या कडेनं चालत निघाले होते. शंभरेक पावलांवर, बरोबर तुकडीच्या पायांमागे, एक धुरा रस्त्याला येऊन मिळत होता. त्या धुऱ्यावरून गावाच्या मागच्या आळीत जाता येत होतं. साहेब त्या धुऱ्यावर टोकापर्यंत जाऊन परत आले. मग त्यांनी खिशातून पत्रिका काढली, मांडीवर ठेवून नकाशा काढला आणि निरीक्षकांना दाखवला. "तुमची मानसं तीस पावलं मागं घ्या. हे तोंड मोकळं होते."

"पोलीस मागे सरले असा व्हिडिओ फिरेल, साहेब."

"फिरू द्या ना. बायांची डोकी फुटल्याचा फिरण्यापेक्षा बरा."

निरीक्षकांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा बायांकडे. आणि तुकडीला मागे घेतलं. त्या तरुण माणसाचं मला आजही कौतुक वाटतं, कारण त्याला त्या क्षणी फक्त साहेबांच्या शब्दावर विसंबायचं होतं.

साहेब धुऱ्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि सायकल स्टँडला शंभरदा वाचून दाखवलेला तो इशारा त्यांनी पहिल्यांदा माणसांना वाचून दाखवताना मी ऐकला. "आता बस झालं जी. पाच मिंटात उठा. या बाजूनं रस्ता हाय." मावशी उठली. पदर खोचून म्हणाली, "आमी जाऊन नाई राहिलो, साहेब. फक्त रस्ता सोडून राहिलो. मास्तर नाई आले तं अखीन बसू."

"बसा. पुढच्या टायमाले आधी सांगा, मी सावली पाहून ठेवतो."

धुऱ्यावरून एका वेळी एकच माणूस जातं. दीडशे बाया एकामागे एक जायला पाऊण तास लागला. ताफा तेवढा वेळ उन्हात उभा होता. शेवटची बाई रस्त्यावरून उतरताना थांबली. पोलिसाच्या बुटाखाली कडेची चार रोपं आडवी झाली होती. ती तिनं वाकून पुन्हा उभी केली आणि मगच गेली.

पाहुण्यांना पाऊण तास थांबावं लागल्याबद्दल साहेबांना कारणे दाखवा नोटीस आली. त्या वर्षी ते तहसीलदार व्हायचे होते. यादीत नाव होतं, घरी पेढेही ठरले होते. वरच्या एका हितचिंतकानं फोन करून सुचवलं की 'परिस्थितीचा अंदाज चुकला' असं लिहून द्या, प्रकरण मिटेल. साहेबांनी उत्तर मला सांगून लिहवलं. एवढंच होतं: 'जमावास जाण्यास रस्ता नव्हता. तो करून दिला. नकाशा सोबत जोडला आहे.' मी म्हटलं, साहेब, नकाशा तरी चांगल्या कागदावर उतरवून देते. ते म्हणाले, "मॅडम, हाच जोडायचा." यादीतून नाव गेलं. ते नायब म्हणूनच निवृत्त झाले. शाळेला दिवाळीनंतर तीन मागितले त्यांतला एक मास्तर मिळाला. साहेबांना त्या एका मास्तराचा केवढा आनंद झाला होता, आणि मला मात्र त्यांच्या पेढ्यांचं दुःख बरेच दिवस गिळता आलं नाही.

मधे वर्षं गेली. मी खात्याची परीक्षा दिली, आणि आता दुसऱ्या एका तालुक्याला मी स्वतः नायब तहसीलदार आहे. साहेब तिरोड्याकडच्या आपल्या गावी शेती पाहतात.

हल्ली आंदोलनासाठी एकच जागा ठरवून देतात. आमच्या गावाबाहेर एक मैदान त्यासाठी निवडलं गेलं आणि मंजुरीची फाइल माझ्याकडे आली. मी फोटो पाहिले आणि सही केली. मैदानावर गेले नाही. आठवडाभरानं कार्यालयाच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली साहेब येऊन बसले. केस पार पांढरे, बाजूला मुरमुऱ्यांची पिशवी आणि छातीला पिनेनं लावलेली लग्नपत्रिकेची कोरी बाजू. त्यावर लिहिलं होतं: 'मैदानाले दुसरं दार करा.' मी धावत खाली गेले, वर चला म्हटलं, चहा घ्या म्हटलं. ते म्हणाले, "तू काम कर, बाई. मी माझं करून राहिलो."

तीन दिवस ते एकटेच होते. चौथ्या दिवशी कॉलेजची पोरं बसली, बाजारातल्या भाजीवाल्या बसल्या आणि दहा-बाराजण झाले. जमावबंदी लागू होती. ठाणेदारांचा फोन आला, "मॅडम, इशारा वाचावा लागेल."

मी उठले तेव्हा माझ्या पायात स्लिपर होती. सँडल कधी काढली ते मला कळलंही नव्हतं. साहेबांनी आधी माझे पाय पाहिले आणि मिशीत हसले. मी भोंगा तोंडाला लावला. ज्यांनी हे शब्द शिकवले त्यांनाच मी ते वाचून दाखवत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता बस झालं जी. पाच मिंटात उठा..." साहेब मान तिरकी करून परीक्षकासारखे ऐकत होते.

"आनि रस्ता?"

"साहेब, समोर अख्खा रस्ता मोकळा आहे."

"इथचा नाई. त्या मैदानाचा विचारून राहिलो. तू पाहिला का?"

ठाणेदार मागून म्हणाले, "मॅडम, दुसऱ्यांदा वाचा." मी भोंगा खाली केला. म्हटलं, मी मैदान पाहून येते, तोवर कुणाला हात लावायचा नाही. आणि साहेबांबरोबर पायी निघाले.

मैदानाला डोक्याएवढी भिंत होती. दार एकच, दोन माणसं अंग चोरून जातील एवढं. भिंतीच्या पलीकडे तिन्ही बाजूंना बांध्या. त्या दारात पोलीस उभे राहिले आणि आत पाचशे माणसं असली तर काय होईल, ते मला तिथे उभं राहिल्यावर दिसलं. केशोरीच्या रस्त्यावरच्या दीडशे बाया मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि तरीही या जागेवर सही केली होती. "चुकलं माझं, साहेब," मी म्हटलं. छातीवरची पत्रिका सोडवून त्यांनी माझ्या हातात दिली आणि खिशातून लाल पेन काढलं. त्यांच्या मागणीच्या वरच्या मोकळ्या जागेत मी नकाशा काढला.

त्याच दिवशी मी माझी मंजुरी मागे घेतली. दुसरं दार होईपर्यंत लोक पूर्वीप्रमाणे कार्यालयासमोर बसतील असं लिहिलं आणि खाली सही केली. पंधरा दिवसांत मला नोटीस आली. मंजूर जागा परस्पर नाकारल्याबद्दल आणि जमावबंदीत जमाव बसू दिल्याबद्दल. यंदाच्या यादीत माझं नाव आहे. नवऱ्याची नोकरी नागपूरला, मुलगी दहावीत, आणि बढतीवर तिथेच जागा मिळायची होती. तो कागद मी तीनदा वाचला. हितचिंतकांचा फोन मलाही आला, आणि त्यांनी सुचवलेलं वाक्यही तेच होतं.

संध्याकाळी नोटिशीचं उत्तर पाठवलं आणि साहेबांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं आणि सांगताना रडू आलं ते आवरलं नाही.

"नकाशा जोडला का?" त्यांनी विचारलं.

"जोडला, साहेब. तोच. पत्रिकेचा."

"मंग रडून कायले राहिली, बाई? रस्ता हाय ना."